रस्त्यांवरील खड्ड्यांविरुद्ध नागरिकांनी केलेल्या जनजागृतीचा खरोखर उपयोग होतो का?

होतो, पण बहुधा त्या एका खड्ड्यापुरताच. बंगळुरूचे चित्रकार बादल नंजुंडस्वामी यांनी २०१५ मध्ये एका मोठ्या खड्ड्यात मगरीची प्रतिकृती ठेवली आणि २०१९ मध्ये अंतराळवीराच्या वेशातील कलाकाराला खड्ड्यांतून चंद्रावर चालल्यासारखे चालवले, तेव्हा महापालिकेने तातडीने दुरुस्ती हाती घेतली. मुंबईचे दादाराव बिल्होरे यांचा मार्ग अधिक कष्टाचा आहे. २०१५ मध्ये खड्ड्यामुळे झालेल्या अपघातात मुलगा गमावल्यानंतर ते स्वतःच खड्डे बुजवू लागले (वास्तविक हे काम करदात्याचे नव्हे). माझ्या मते, छायाचित्रासह लेखी तक्रार नोंदवावी आणि त्या रस्त्याचा करारनामा माहितीच्या अधिकारात मागवावा, कारण दोषदायित्व कालावधी (काम झाल्यानंतर त्यातील दोषांची जबाबदारी ठेकेदारावर असते ती मुदत) संपलेला नसेल तर दुरुस्ती ठेकेदाराने स्वखर्चाने करायची असते.