लॅपटॉपच्या कागदावरचे शब्द कसे वाचायचे (दोन मॉडेलमधे अडकलेल्या ताईंसाठी)

ताई, तुमचा प्रश्न नीट वाचला. मुलीला कॉम्प्युटर डिप्लोमाला ॲडमिशन मिळालीय, दुकानातून दोन कागद आणलेत, एकावर आय५-१३३५यू (इंटेलचा प्रोसेसर, म्हणजे मुख्य चिप), ८ जीबी डीडीआर४ (रॅम, म्हणजे चालू कामाची मेमरी) आणि ५१२ जीबी एसएसडी (फाइल्स साठवायची जागा), दुसऱ्यावर रायझन ५ ७५२०यू (एएमडीचा प्रोसेसर), १६ जीबी एलपीडीडीआर५ आणि ५१२ एसएसडी. किंमत जवळपास सारखी आणि दुकानदार म्हणतोय डबल रॅम आहे, १६ वालाच घ्या. आधी उत्तर देतो मग कारणं सांगतो. पहिला घ्या, पण पैसे देण्याआधी "ह्यात रॅमचा दुसरा स्लॉट रिकामा आहे का" एवढं विचारा आणि स्वतः बघून खात्री करा. कसं बघायचं ते खाली लिहिलंय.

लॅपटॉप घेताना मी सगळ्यात आधी एकच गोष्ट बघतो, नंतर काय बदलता येणार नाही. प्रोसेसर बदलता येत नाही, हल्ली लॅपटॉपमधे तो बोर्डालाच सोल्डर केलेला असतो. स्क्रीन बदलायची म्हणजे मोठा खर्च. रॅम काहींमधे वाढवता येते, काहींमधे अजिबात नाही. एसएसडी बहुतेकांमधे बदलता येते. म्हणून जे बदलता येत नाही त्यावर पैसे घाला, बाकीचं सावकाश वाढवता येतं.

आता रॅम. डीडीआर४ किंवा डीडीआर५ लिहिलेलं असेल तर बहुतेक वेळा ती स्टिक असते, काढता घालता येते (बहुतेक वेळा म्हणतोय, कारण काही कंपन्या तीही बोर्डावर बसवून टाकतात, कागदावर "ऑनबोर्ड" दिसलं की समजायचं). एलपीडीडीआर म्हणजे कमी वीज खाणारी रॅम, ती तुम्हाला ह्या बजेटमधे दिसेल तिथे बोर्डालाच चिकटवलेली असणार. म्हणजे दुसऱ्या लॅपटॉपमधे १६ जीबी आज आहे आणि शेवटपर्यंत १६ च राहणार. १६ वाईट नाही, डिप्लोमाला पुरेल. उलट ८ जीबी आजच्या घडीला कमीच पडते, विंडोज ११ कागदोपत्री ४ जीबीवर चालतं म्हणतात पण ब्राउझर, कोड एडिटर आणि वर अँड्रॉइडचा एमुलेटर (लॅपटॉपवर चालणारा नकली फोन) उघडला की ८ मधे मशीन ओढत ओढत चालतं. म्हणून पहिला घेतला तर आणखी ८ ची स्टिक घालायचीच असं धरूनच बजेट करा. रॅमचे भाव सारखे वरखाली होतात म्हणून आकडा सांगत नाही, त्याच दुकानात स्टिक बसवून एकूण किती होतात ते विचारा आणि ती बसवल्याने वॉरंटीला काही होणार नाही हे बिलावर लिहून घ्या.

दुसरी स्टिक घातल्याचा अजून एक फायदा आहे जो दुकानात कुणी सांगत नाही. एक स्टिक असते तेव्हा प्रोसेसरला रॅमपर्यंत जायला एकच वाट असते, त्याला सिंगल चॅनल म्हणतात, दोन असल्या की ड्युअल चॅनल. ह्या इंटेलच्या प्रोसेसरमधे ग्राफिक्स आत बसवलेलं आहे, ते रॅमच वापरतं, आणि आयरिस एक्सई हे नाव सुद्धा ड्युअल चॅनल असेल तरच लागतं, नाहीतर तेच ग्राफिक्स यूएचडी म्हणून दिसतं आणि हळू चालतं. कागदावर आयरिस एक्सई छापलंय आणि रॅम एकच ८ ची आहे असं खूपदा बघायला मिळतं.

प्रोसेसरवर जरा जास्त लिहितो कारण इथेच लोक फसतात. आय५ किंवा रायझन ५ ह्या नुसत्या नावाला फार अर्थ नाही, पुढचा नंबर आणि शेवटचं अक्षर वाचा. १३३५यू मधे १३ म्हणजे तेरावी जनरेशन, ती २०२३ च्या सुरुवातीला आली. यू म्हणजे साधारण १५ वॉटचा, बॅटरी जपणारा. एच असेल तर ४५ वॉटचा, ताकद जास्त पण गरम होणार, पंख्याचा आवाज येणार, चार्जर जड. कोरच्या (प्रोसेसरमधल्या काम करणाऱ्या भागांच्या) संख्येवर पण जाऊ नका, १३३५यू ला १० कोर आहेत आणि १३४२०एच ला ८, तरी जड कामात एच वाला पुढे जातो कारण यू मधल्या दहापैकी दोनच मोठे आहेत, आठ छोटे, आणि एच मधे चार मोठे चार छोटे.

रायझनचं वेगळं आहे. सात हजारच्या सिरीजमधे तिसरा आकडा बघायचा, आत कुठल्या पिढीचं डिझाइन आहे ते त्यावरून कळतं. ७५२० मधे तिसरा आकडा २, म्हणजे झेन २ (झेन हे एएमडीच्या डिझाइनचं नाव), ज्याचे पहिले प्रोसेसर २०१९ ला आले होते. ७५३०यू असेल तर झेन ३ आणि ७६४० असेल तर झेन ४. सुरुवातीचा ७ बघून सगळ्यांना वाटतं नवीन आहे. तुमच्या कागदावरच्या ७५२०यू ला चारच कोर आहेत आणि आतलं ग्राफिक्सही अगदी जेमतेम. टायपिंग, ऑनलाइन लेक्चर, यूट्यूब ह्याला तो ठीक चालेल आणि बॅटरीही बरी देईल. पण तीन वर्षं प्रोग्रॅमिंग करणाऱ्या मुलीला, आणि पुढे डिग्रीला जायचं म्हटलं तर अजून तीन वर्षं, हा मी तरी देणार नाही. त्याच दुकानात ७५३०यू मिळाला तर मात्र जरूर विचार करा, तो सहा कोरचा चांगला प्रोसेसर आहे.

आता स्वतः कसं बघायचं. दुकानात डेमो पीस चालू असतो. कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप ही तीन बटणं एकदम दाबा, टास्क मॅनेजर उघडेल. त्यात परफॉर्मन्स मधे जा आणि मेमरीवर क्लिक करा. खाली उजवीकडे "स्लॉट्स यूज्ड" असं लिहिलेलं दिसेल, तिथे "१ ऑफ २" असेल तर एक जागा रिकामी आहे. त्याच्याच खाली फॉर्म फॅक्टर असतं, तिथे एसओडिम असेल तर स्टिक आहे आणि "रो ऑफ चिप्स" असेल तर रॅम सोल्डर केलेली आहे. काही मॉडेलमधे अर्धी सोल्डर आणि अर्धी स्लॉटमधे असते, म्हणून ह्यावरच थांबू नका, कंपनीच्या साइटवर तो पूर्ण मॉडेल नंबर टाकून मेमरीच्या ओळीत काय लिहिलंय तेही वाचा. पाच मिनिटाचं काम आहे आणि दुकानदाराला काही त्रास नाही, लाजू नका.

एसएसडीचं थोडक्यात. एनव्हीएमई (वेगवान प्रकारची एसएसडी) लिहिलेलं असलं की झालं, जुन्या साटा प्रकारच्या साधारण ५५० एमबी सेकंदाला वाचतात आणि एनव्हीएमई जेन ३ वाल्या साडेतीन हजारापर्यंत जातात. एम.२ हे फक्त आकाराचं नाव आहे, वेगाचं नाही, एम.२ मधे साटा पण येते. आणि घरी गेल्यावर ५१२ च्या जागी ४७६ दिसलं तर घाबरू नका, कुणी काही काढून घेतलेलं नाही, कंपनी हजाराच्या पटीत मोजते आणि विंडोज १०२४ च्या, तेवढा फरक पडतोच.

स्क्रीनकडे मात्र लक्ष द्या, मुलगी रोज तासन् तास त्याच्याकडेच बघणार आहे. फुल एचडी तर बहुतेक सगळेच देतात. तुम्ही आयपीएस (स्क्रीनच्या पॅनेलचा एक प्रकार) आहे का बघा, नसेल तर बाजूने किंवा वरून बघितलं की रंग उडतात. निट्स म्हणजे स्क्रीनचा उजेड, २५० निट्स म्हणजे खिडकीजवळ बसल्यावर डोळे ताणावे लागतात, ३०० असेल तर बरं. एनटीएससी आणि एसआरजीबी ही स्क्रीन किती रंग दाखवते त्याची मापं, ४५ टक्के एनटीएससी म्हणजे फिकट रंग, कोडिंगला चालतं, पण फोटो किंवा डिझाइनचं काम असेल तर १०० टक्के एसआरजीबी लिहिलेलाच घ्यावा.

टाइप सी पोर्ट दिसलं म्हणजे त्यातून चार्जिंग होईलच असं नाही. काही नुसती डेटासाठी असतात. चार्जिंग हवं असेल तर पॉवर डिलिव्हरी आणि मॉनिटर जोडायचा असेल तर डिस्प्लेपोर्ट असं लिहिलेलं पाहिजे. यूएसबी ३.२ जेन १ हे नाव भारी वाटतं पण तो जुना ३.० चाच ५ जीबीपीएसचा वेग आहे.

बॅटरी तासात सांगतात ते सोडून द्या, वॉट-अवर विचारा. ४२ वॉट-अवरची बॅटरी आणि लॅपटॉप सरासरी १० वॉट खात असेल तर चार तासाच्या आसपास, हिशोब एवढाच. कॉलेजला दिवसभर न्यायचा असेल तर ५० च्या वर बघा. डेमो पीसच गळ्यात मारत असतील तर कमांड प्रॉम्प्टमधून बॅटरी रिपोर्ट काढायला सांगा, त्यात डिझाइन कपॅसिटी आणि फुल चार्ज कपॅसिटी असे दोन आकडे येतात, दुसरा बराच कमी असेल तर ती बॅटरी भरपूर वापरलेली आहे, मग नको.

शेवटचं, एकाच नावाने एकाच सिरीजमधे कमी जास्त रॅमचे आणि वेगवेगळ्या स्क्रीनचे लॅपटॉप येतात, त्यामुळे बिलावर नुसतं कंपनीचं आणि सिरीजचं नाव चालणार नाही, पूर्ण मॉडेल नंबर लिहून घ्या आणि बॉक्सवरच्या स्टिकरशी जुळवून मगच सील फोडा. ७५३०यू वाला किंवा अजून कुठला कागद हातात आला तर तो नंबर इथे टाका, बघून सांगतो.