बडोद्यातलं भाड्याचं घर सोडून जर्मनीला निघताना: थकलेलं भाडं, नोटीस आणि डिपॉझिट

तुम्ही लिहिलंय की मांजलपूरला टू बीएचके भाड्याने आहे, भाडं १४,०००, डिपॉझिट २८,००० दिलेलं, अकरा महिन्यांचा करार कधीच संपला आणि नवा केलाच नाही, मधे मिस्टरांची नोकरी गेली, त्यात व्हिसाच्या कागदपत्रांचा खर्च आला, म्हणून ऑगस्टचं अर्धं, सप्टेंबर आणि ऑक्टोबर असं मिळून ३५,००० थकलंय, आणि डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात जर्मनीला निघायचंय. विचारलंय की घरमालक काकांना काय सांगायचं, कधी सांगायचं, आणि "डिपॉझिटमधनं वळवून घ्या" एवढं सांगून निघालं तर चालेल का. मी बडोद्याचीच, दांडिया बाजारात वाढले, लग्नानंतर सुभानपुऱ्यात आम्ही भाड्याने राहायचो आणि आता बरीच वर्षं श्टुटगार्टला आहोत, त्यामुळे दोन्हीकडचं बघितलंय, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

वळवता येईल, पण काका हो म्हणाले तर, आणि कागदावर. जाता जाता फोनवर सांगून नाही. मुळात तुमचा हिशोबच त्यात बसत नाही, कारण थकलेले ३५,००० आत्ताच डिपॉझिटपेक्षा जास्त आहेत आणि वर नोव्हेंबरचे १४,००० येणार, म्हणजे ४९,००० झाले. डिपॉझिट सगळं गेलं तरी २१,००० उरतातच, शिवाय लाइट बिल, गॅस बिल, काही तुटलंफुटलं असेल ते वेगळं. काकांच्या बाजूने बघा, भाडूत एकदा विमानात बसला की त्यांच्या हातात काहीच राहत नाही, त्यामुळे बाहेर जाणार हे नुसतं कानावर आलं तरी माणूस घाबरतो, आणि घाबरलेला मालक मग सोसायटीच्या गेटवर सामानाचा टेंपो अडवतो. हे टाळायचं असेल तर त्यांना तुमच्या तोंडूनच कळायला हवं, वॉचमनकडनं किंवा शेजारच्या काकूंकडनं नाही.

दुसरी भीती तुम्ही लिहिली आहे की एअरपोर्टवर अडवतील का. नाही अडवत. भाडं थकणं ही दिवाणी बाब आहे, त्यासाठी इमिग्रेशनवाले कोणाला थांबवत नाहीत. पण तुम्ही गेलात म्हणून देणं संपतही नाही, थकलेल्या भाड्याचा दावा तीन वर्षांपर्यंत लावता येतो. आता वीस-एकवीस हजारासाठी कोणी कोर्टात जात नाही हे खरं, लोक करतात काय तर ज्यांच्या ओळखीने घर दिलं त्यांना धरतात. तुम्हाला घर सासऱ्यांच्या मित्राच्या ओळखीने मिळालंय. आमच्या ओळखीतला एक मुलगा असाच दोन महिन्यांचं भाडं ठेवून कॅनडाला गेला, आणि त्याच्या मामांना त्यानंतर कितीतरी दिवस मालकाचे फोन, शेवटी मामांनीच पेन्शनमधनं भरले. बडोद्यातली मराठी मंडळी सगळी एकमेकांच्या ओळखीची, कारेलीबागेतली गोष्ट संध्याकाळपर्यंत राजमहाल रोडला पोचलेली असते, त्यात म्हाताऱ्या माणसांची मान खाली जाणं मला फार लागतं, म्हणून एवढं जोर देऊन लिहितेय.

आणि तुमच्या स्वतःच्या फायद्याचं एक कारण आहे. जर्मनीत घर बघायला गेलात की पगाराच्या स्लिपा मागतात, शूफा नावाचा क्रेडिट रिपोर्ट मागतात, आणि बरेचदा आधीच्या घरमालकाचं एक पत्र मागतात की या भाडेकरूकडे भाड्याची बाकी नाही. त्याला मीटशुल्डेनफ्रायहाइट्सबेशाइनिगुंग असं लांबलचक नाव आहे. जुना मालक ते द्यायला कायद्याने बांधील नाही असं तिथल्या सर्वोच्च दिवाणी न्यायालयाने २००९ मधे म्हटलंय, तरी मागणारे मागतात. नवीन आलेल्या माणसाचा शूफा जवळजवळ कोरा असतो, म्हणून बडोद्याच्या मालकाने इंग्रजीत लिहून सही केलेलं एक पान सुद्धा तिथे उपयोगी पडतं, श्टुटगार्ट-म्युनिकसारख्या ठिकाणी एका घराला भरपूर अर्ज येतात तेव्हा तर नक्कीच. म्हणजे काकांची ती सही तुम्हाला पुढेही लागणार आहे.

आता नोटीस. तुमच्या जुन्या करारात एक महिन्याची लिहिली आहे. करार संपल्यावर तुम्ही राहत राहिलात आणि ते भाडं घेत राहिले की ते महिन्या-महिन्याचं भाडं धरलं जातं, आणि १८८२ च्या ट्रान्सफर ऑफ प्रॉपर्टी अ‍ॅक्टप्रमाणे वेगळं काही ठरलेलं नसेल तर राहत्या घराला १५ दिवसांची लेखी नोटीस पुरते. कोणीतरी तुम्हाला हे १५ दिवसांचं सांगेलच. माझं मत, त्यात पडू नका, पूर्ण महिना द्या. भाडं आधीच थकलेलं असताना कलम दाखवायला गेलात तर काका पण करारातली एक महिन्याची ओळ काढून दाखवतील आणि बोलणं तिथेच तुटेल. १ नोव्हेंबरला नोटीस, ३० नोव्हेंबरला चावी, शेवटचे चार-पाच दिवस सासरी राहा, ते तसंही बरं.

फक्त एक, व्हिसा पासपोर्टवर लागून हातात आला नसेल तर लेखी नोटीस देऊ नका. तोंडी सांगून ठेवा की काका, असं असं चाललंय, व्हिसा आला की लगेच लेखी देतो. नाहीतर नवा भाडूत ठरतो आणि तुमचा व्हिसा पुढे ढकलला जातो, मग भर लग्नसराईत सामान घेऊन कुठे जाणार.

बोलायला दोघं मिळून जा, संध्याकाळी, आणि जाताना आकडे मांडलेला कागद आणि थोडे पैसे घेऊनच जा. रिकाम्या हाताने "सांभाळून घ्या" म्हणायला जाऊ नका, त्यांनी अडीच महिने सांभाळलंच आहे की. तुमच्या आकड्यांवर मी असं मांडलं असतं: नोव्हेंबर धरून एकूण देणं ४९,०००. त्यातले १५,००० नोटिशीच्या दिवशीच देऊन टाका, १२,००० वीस नोव्हेंबरपर्यंत, म्हणजे २७,००० रोख गेले. राहिले २२,०००, ते डिपॉझिटमधनं वळवा अशी विनंती करा. मग डिपॉझिटमधले ६,००० काकांकडे शिल्लक राहतात, ते शेवटच्या लाइट-गॅसच्या बिलाला आणि किरकोळ दुरुस्तीला, आणि त्यातनं उरेल ते परत. हे ६,००० फार महत्त्वाचे आहेत, कारण मालकाची खरी चिंता भाड्यापेक्षा तुम्ही गेल्यावर निघणाऱ्या गोष्टींची असते, आणि त्यासाठी त्यांच्या हातात काही ठेवलंत की बाकीचं ते सहज मान्य करतात. २७,००० जमवायला फ्रिज, वॉशिंग मशीन, गाडी यातलं जे विकणार असाल ते आत्ताच विका, निघायच्या आठवड्यात विकायला काढलं की लोक पाडून मागतात.

पैसे शक्यतो यूपीआयने किंवा बँकेतनं द्या आणि नोट मधे लिहा, ऑगस्ट अर्धं, सप्टेंबर, असं. रोख मागितले तर पावती घ्या, ५,००० च्या वरच्या रोख पावतीवर एक रुपयाचं रेव्हेन्यू स्टँप लावून सही. नोटीस दोन प्रतींत, एकीवर काकांची "मिळाली" म्हणून सही आणि तारीख. त्यात तीनच गोष्टी पुरतात, घर कधी सोडणार, आजपर्यंत किती देणं आहे, ते कसं फिटणार. काका सही द्यायला कां-कूं करत असतील तर तोच मजकूर स्पीड पोस्टने पाठवा आणि व्हॉट्सअ‍ॅपवर फोटो टाका, भांडण म्हणून नाही, तारीख राहावी म्हणून.

चावी द्यायचा दिवस घाईचा ठेवू नका. घर रिकामं करून, झाडून पुसून, दिवसाउजेडी काकांना बोलवा आणि त्यांच्याबरोबर एकेक खोली फिरा. ते काय बघतात ते मला पाठ आहे: पंखे सगळ्या स्पीडवर फिरतात का, गिझर, किचनच्या ओट्यामागच्या टाइलवरचा तेलाचा थर, बाथरूमच्या नळांवर बोअरच्या पाण्याचे पांढरे डाग, दाराच्या मागचे हुक, आणि भिंतीतले खिळे. खिळ्यांची भोकं वॉल पुट्टीने आदल्या दिवशी भरून टाका, किरकोळ खर्चात काम होतं आणि नाहीतर त्याच भोकांवर पूर्ण खोलीच्या रंगाचे पैसे कापले जातात. वापराने जी झीज होते तिचे पैसे भाडूताने द्यायचे नसतात, भिंत जरा मळली, रंग उडाला, हे त्यातच. तुम्ही ग्राउंड फ्लोअरला आहात आणि ओल आहे लिहिलंय, ती जर २०२४ च्या ऑगस्टमधे विश्वामित्री नदीचं पाणी शिरलं तेव्हापासूनची असेल तर ती तर तुमची जबाबदारी अजिबात नाही, तेव्हाचे फोटो फोनमधे असतील ते शोधून ठेवा. पण करारात "सोडताना एक महिन्याचं भाडं रंगासाठी" अशी ओळ आहे का ते आधी वाचा, काहींच्या करारात असते, आणि असेल तर वरचा हिशोब त्या १४,००० ने बदलेल, ते आत्ताच बोलून घ्या.

लाइट बिल दोन महिन्यांनी येतं, म्हणजे शेवटचं बिल तुम्ही गेल्यावरच येणार. म्हणून चावीच्या दिवशी मीटरचा फोटो, रीडिंग कागदावर, आणि मागच्या बिलावरनं अंदाजे रक्कम दोघांनी मिळून ठरवून टाकायची. पाइप गॅसचं तसंच, तिथेही रीडिंग घ्या. सोसायटीचं मेंटेनन्स तुम्ही भरत असाल तर सेक्रेटरीकडनं बाकी नाही असं लिहून घ्या. कॉर्पोरेशनचा घरवेरा, म्हणजे घरपट्टी, मालकाचा, तो तुमच्याकडे मागितला तर नम्रपणे नाही म्हणा.

मग शेवटचा कागद. अमुक तारखेला चावी मिळाली, इतकं भाडं मिळालं, २२,००० डिपॉझिटमधनं वळवले, इतके बिलासाठी ठेवले, उरलेले इतक्या दिवसांत अमुक खात्यात, आणि यापुढे एकमेकांकडे काही देणंघेणं नाही. हा काकांना वाचता येईल अशा भाषेत करा, गुजरातीत केलात तरी हरकत नाही. इंग्रजीतलं पत्र वेगळं, त्यात राहिल्याच्या तारखा, भाडं आणि बाकी नाही एवढंच, खाली सही, फोन नंबर. थकलं होतं वगैरे त्यात यायचं कारण नाही, त्या दिवशी बाकी शून्य आहे हे खरंच आहे.

परत येणारे पैसे कुठे घ्यायचे, तर तुम्ही बाहेर कामाला गेलात की भारतातलं साधं सेव्हिंग खातं एनआरओ, म्हणजे परदेशात राहणाऱ्यांचं रुपयातलं खातं, करून घ्यावं लागतं, मालकाचे रुपये त्यात एनईएफटीने सहज येतात. खात्याला लागलेला सिम चालू ठेवा, नाहीतर ओटीपीविना सगळं अडतं, आणि बँकेतला पत्ता सासरचा करा, नाहीतर चेकबुक मांजलपूरला जात राहतील. सासऱ्यांना तुमच्या वतीने हिशोब करायचा असेल तर अधिकारपत्र निघायच्या आधीच सही करून द्या. पुढे मुखत्यारपत्र करायची वेळ आली तर ते जर्मनीतनं करताना कॉन्सुलेटच्या फेऱ्या होतात आणि भारतात आल्यावर तीन महिन्यांत त्यावर स्टँप ड्युटी भरावी लागते, एवढ्या रकमेसाठी तो व्याप नको.

अजून एक, तुम्ही लिहिलंय की घर काकांच्या न्यूजर्सीतल्या मुलाच्या नावावर आहे आणि भाडं काकांच्या खात्यात जातं. मालक एनआरआय असेल तर भाड्यातनं टीडीएस, म्हणजे आधीच कापून सरकारला भरायचा कर, कापायची जबाबदारी भाडूतावर येते, सेस धरून ३१.२ टक्के, भाडं कितीही कमी असलं तरी. आपल्याकडे हे फारसं कोणी पाळत नाही पण मिस्टरांनी पगारातला एचआरए, म्हणजे घरभाडे भत्ता, घेतला असेल तर कागदावर मालक म्हणून कोणाचा पॅन दिलाय ते बघा आणि निघायच्या आधी एकदा सीएला दाखवून घ्या. हे लांबवू नका, बाहेरनं इन्कम टॅक्सच्या नोटिशीला उत्तर देत बसणं फार त्रासाचं असतं.

जर्मनीतल्या घराबद्दल पण थोडं, कारण तिथे ही सवय चालणार नाही. तिथे भाडेकरूने घर सोडताना तीन महिन्यांची नोटीस, ती पण कागदावर शाईची सही करून, ईमेल चालत नाही, आणि महिन्याच्या तिसऱ्या कामाच्या दिवसापर्यंत पोचली तरच तो महिना धरतात. डिपॉझिट जास्तीत जास्त तीन महिन्यांचं, हीटिंग-पाण्याचे पैसे सोडून जे मूळ भाडं असतं त्यावर, आणि ते तीन हप्त्यांत द्यायचा हक्क तुम्हाला आहे, एकदम मागितलं तर हे सांगा. आणि लागोपाठ दोन महिने भाडं थकलं तर मालक नोटिशीचा काळ न देता सुद्धा घर सोडायला सांगू शकतो. म्हणून तिथे पहिला पगार आला की भाड्याची बँकेत स्टँडिंग ऑर्डर, म्हणजे दर महिन्याला आपोआप पैसे जायची सोय, लावून टाका.

काकांशी बोलणं झालं की कळवा काय म्हणाले ते. रंगाची ओळ करारात निघाली तर आकडे टाका, मी परत मांडून देते. आणि इंग्रजी पत्राचा मजकूर हवा असेल तर तोही देईन, आम्ही सुभानपुऱ्याहून आणलेलं अजून जपून ठेवलंय.