म्हातारपण म्हणून सोडू नका, आधी गोळ्यांची पिशवी उघडा

प्रश्न : नमस्कार डॉक्टर. माझे बाबा ६६ वर्षांचे आहेत, पाच एकर कोरडवाहू वावर आहे, कपाशी अन् तूर. मागच्या पोळ्याले स्वतः बैलं धुवून आणले, आता सदऱ्याची गुंडी लावाले पंधरा मिनिटं लागतात. दोन्ही हात थरथरतात, पाय घासत चालतात, चेहरा दगडासारखा झाला, लाळ गळते. हे सगळं सहा महिन्यांत झालं. गावात कोणी म्हणते म्हातारपण, कोणी म्हणते पार्किन्सन, आई म्हणते फवारणी करून करून झालं. गॅसची गोळी वर्षभरापासून रोज सुरू आहे, चक्करची पण मधात मधात घेतात. काय करावं?
– एक वाचक, ता. दारव्हा

उत्तर : भाऊ, तुमच्या पत्रातली सगळ्यात महत्त्वाची गोष्ट तुम्ही शेवटी लिहिलीये, गॅसची गोळी वर्षभर रोज सुरू आहे.

आधी हे होतं कसं ते सांगतो. मेंदूच्या पार आत पेशींचे काही पुंजके असतात, त्यांना बेसल गँग्लिया म्हणतात. ओलित करताना दांडावर उभा असलेला माणूस आठवा, ज्या सरीला पाणी पाहिजे तिचं तोंड फोडतो अन् बाकीच्या सऱ्यांची तोंडं बुजवून ठेवतो, हे पुंजके हालचालींच्या बाबतीत तेच करतात, पाहिजे ती हालचाल सोडायची, नको त्या अडवून धरायच्या. तोंड फोडायला डोपामिन नावाचं मेंदूतलं रसायन लागतं. ते कमी पडलं की हालचाल अडते, माणूस संथ होतो, अंग ताठरतं, हात थरथरतो. अन् बुजवणारी बाजू कच्ची पडली तर पाणी भलत्याच सरीत शिरतं, हात-पाय आपोआप उडायला लागतात, खाली तिसऱ्या पत्रातल्या आजीचं तसंच झालंय.

पार्किन्सनमध्ये डोपामिन बनवणाऱ्या पेशीच हळूहळू मरतात. पण काही गोळ्या अशा असतात की डोपामिन भरपूर असतं तरी त्याच्या बसायच्या जागेवर गोळीच येऊन बसते, अन् बाहेरून माणूस हुबेहूब पार्किन्सनचा पेशंट दिसतो. गॅसच्या बऱ्याच कॅप्सूलमध्ये पँटोप्राझोल किंवा रॅबेप्राझोलसोबत लेवोसल्पिराइड टाकलेलं असतं, ते यातलंच. पित्ताची साधी गोळी एकटी असेल तर ती हे करत नाही, जोडीला काय आहे ते गोळ्यांच्या पाकिटामागं बारीक अक्षरात लिहिलेलं असतं, पोराला वाचायला लावा. चक्करच्या गोळीतलं सिनारिझिन, फ्लुनारिझिन, प्रोक्लोरपेराझिन, उलटीच्या गोळीतलं मेटोक्लोप्रामाइड, हे सगळे त्याच घरचे. दोन-चार दिवस घेतली तर बहुतेकांना काही होत नाही, पण आपल्याकडं चिठ्ठी एकदा मिळाली की तीच चिठ्ठी दाखवून मेडिकलमधून वर्षानुवर्षं गोळी आणली जाते, अन् कोणी विचारत नाही की बाबा ही अजून कशासाठी सुरू आहे.

औषधानं असं होऊ शकतं याचं एक जुनं उदाहरण आपली सर्पगंधा. सर्पगंधेतून काढलेलं रिसर्पिन दिलं की ससे जागच्या जागी थिजायचे, १९५७ च्या सुमारास आर्विद कार्लसन या स्वीडनच्या शास्त्रज्ञानं त्या सशांना लेवोडोपा दिलं, म्हणजे ज्यापासून शरीर डोपामिन बनवतं ते, अन् ससे पुन्हा हिंडू-फिरू लागले. २००० साली त्यांना नोबेल मिळालं.

तुमच्या बाबांचं गोळीमुळंच आहे असं मी इथून छातीठोक सांगू शकत नाही, तपासावं लागेल. पण खरा पार्किन्सन बहुतेक वेळा एका बाजूनं सुरू होतो, एकच हात, तोही मांडीवर निवांत ठेवलेला असताना अंगठा अन् बोट असं चालतं जसं कोणी तंबाखू मळतंय, अन् दुसरी बाजू धरायला वर्ष-दोन वर्षं जातात. तुमच्या बाबांचे दोन्ही हात एकदम, तेही सहा महिन्यांत, म्हणून मला गोळीचा संशय जास्त येतो. घरातल्या सगळ्या गोळ्यांची पाकिटं, रिकामी सुद्धा, एका पिशवीत भरा अन् यवतमाळ, नागपूर किंवा सेवाग्राम जिथं जमेल तिथल्या मोठ्या दवाखान्यात मेंदूच्या डॉक्टरांना दाखवा. गोळी त्यांच्या सांगण्यानं बंद करा, अन् घरात कोणाला मानसिक आजाराची गोळी सुरू असेल तर ती स्वतःच्या मनानं अजिबात थांबवू नका. गोळीचं कारण निघालं तर सुधारायला काही आठवडे ते काही महिने लागतात, पंधरा दिवसांत फरक नाही म्हणून हात टेकू नका. काही जणांचं पूर्ण जात नाही, त्यांच्यात खरा आजार आत दबून होता अन् गोळीनं तो बाहेर आणला असं निघतं.

आईंचं म्हणणंही वाऱ्यावर सोडण्यासारखं नाही. पॅराक्वाट अन् रोटेनॉन या फवारणीच्या औषधांचा पार्किन्सनशी संबंध अभ्यासांत दिसलाय, पण एका माणसाचा आजार फवारणीनंच झाला हे सिद्ध करता येत नाही. २०१७ मध्ये यवतमाळात फवारणीतून विषबाधा होऊन शेतकरी गेले तो प्रकार वेगळा, पण तेव्हापासून तरी हातमोजे अन् मास्क घरोघरी यायला पाहिजे होते.

हे सगळं मी इतकं लांबवून लिहितोय कारण माझ्या सख्ख्या मावशीला दोन वर्षं चक्करची गोळी सुरू होती. दिवाळीला भेटलो तेव्हा ती पाटावरून उठताना तीनदा मागं बसली, मी डॉक्टर असून मनात म्हटलं वय झालं. गोळी सापडली त्यानंतर आठ महिन्यांनी. ती आता चालते, पण ते आठ महिने मला टोचतात.

प्रश्न : आईला तीन वर्षांपासून पार्किन्सन आहे, तपासून नक्की झालेलं. गोळी आधी छान लागू पडायची, आता कधी पडते कधी नाही. दाराशी आली की पाय चिकटतात. एकानं खाजकुयलीचं चूर्ण सांगितलं, देऊ का?
– एक वाचिका, आर्वी

उत्तर : ताई, आधी सांगा गोळी कशासोबत देता? लेवोडोपा आतड्यातून आत जायला अन् मेंदूत शिरायला जी वाट वापरतं तीच वाट प्रथिनांची, त्यामुळं दुधासोबत किंवा वरण-भातावर गोळी घेतली की ती मागं राहते. जेवणाच्या अर्धा-पाऊण तास आधी, साध्या पाण्यासोबत द्या, अन् वेळ घड्याळ लावून पाळा. वरण, अंडी, दूध बंद करू नका, जास्तीचं रात्रीच्या जेवणात ठेवा. हे करूनही फरक नसेल तर डोस बदलायची वेळ आलीये, काही वर्षांनी बऱ्याच जणांचं हे होतं, आईची काही चूक नाही.

खाजकुयलीत खरंच लेवोडोपा असतं, त्यात खोटं काही नाही. अडचण ही की चिमटीत किती गेलं ते कळत नाही, अन् गोळी सुरू असताना वरून ते दिलं तर अंग वेडंवाकडं हलायला लागतं, बीपी पडतं, भास होतात. द्यायचंच असेल तर डॉक्टरांना सांगून. अन् चूर्णाच्या भरवशावर गोळी एकदम तोडू नका, अशानं जोराचा ताप येऊन अंग लाकडासारखं होऊन पेशंट दगावू शकतो.

दारातल्या पायासाठी एक सोपी गोष्ट करा, उंबरठ्याच्या आधी जमिनीवर वीतभर अंतरानं पाच-सहा पांढरे पट्टे ओढा, चुन्यानं ओढले तरी चालतील, अन् आईला म्हणा पट्टा ओलांड. चाल आपोआप सुटत नसते तेव्हा डोळ्यापुढं खूण असली की पाय उचलतो, कारण ते काम मेंदू दुसऱ्या वाटेनं करतो. मागून ढकलू नका, ओढू तर नकाच. आणखी एक, २०१६ च्या दिव्यांग कायद्यात पार्किन्सन आहे, प्रमाणपत्रासाठी जिल्हा रुग्णालयात चौकशी करा.

प्रश्न : आमच्या आजीचा (वय ७२) डावा हात अन् पाय चार दिवसांपासून झटके देऊन उडतो, कपबशी फेकल्यासारखी जाते. झोपली की थांबते. लोक म्हणतात अंगात येते. अंगारा लावून झाला.
– एक वाचक, ता. पुसद

उत्तर : हे पत्र छापून येईपर्यंत थांबण्यासारखं नव्हतं म्हणून मी दिलेल्या नंबरवर त्याच दिवशी फोन केला होता, इथं बाकीच्यांसाठी लिहितो. एकाच बाजूचे हात-पाय अचानक उडायला लागले तर पहिले दोन संशय, पहिल्या उत्तरात सांगितलेल्या मेंदूतल्या पुंजक्यांच्या भागात रक्ताची गुठळी किंवा रक्तस्राव, नाहीतर रक्तातली साखर खूप वाढलेली. वयस्कर बायांमध्ये साखरेचं कारण जास्त दिसतं, अन् बऱ्याचदा साखर आहे हेच घरी माहीत नसतं. यांना माहीत नव्हतं. बोटाला टोचून पाहिलं तर ४८० निघाली. दाखल केलं, सिटी स्कॅन झाला, इन्सुलिन सुरू झालं. परवा नातवाचा फोन आला, तीन आठवडे झालेत, हात अजून थोडा हलतो पण आजी आपला चहा आपल्या हातानं पिते.