मूल तोडून दोन वर्षं झाली, तरी दूध येतंय आणि पाळी नाही

"मॅडम, पोरगा साडेचार वर्षांचा झाला. अंगावरून तोडून दोन वर्षं होऊन गेली. तरी दाबलं की दूध येतंय. आणि पाच महिने झाले, पाळीच नाही. मला कॅन्सर झालाय का?"

हा प्रश्न माझ्याकडे अधूनमधून येतोच. कुणी नणंदेला पुढे करतं, कुणी 'मैत्रिणीचं विचारायचं होतं' म्हणून सुरुवात करतं. बार्शीकडून आलेल्या या ताईंनी आडपडदा न ठेवता विचारलं. ओळख पटेल अशा गोष्टी बदलून त्यांची हकीकत सांगते.

वय तिशीच्या आसपास, घरीच ब्लाउज शिवायचं काम. पाळी चुकल्यावर घरात पहिला अंदाज निघाला तो दिवस राहिल्याचा. मेडिकलमधून पट्टी आणून तीनदा लघवी तपासली, तिन्ही वेळा एकच रेघ. मग सासूबाईंचं म्हणणं पडलं की तोडताना दूध नीट उतरवलं नाही, ते अंगातच मुरलं. शेजारणीने दूध आटायला छातीवर मोगऱ्याची फुलं बांधायला सांगितली, तेही करून झालं. नवरा उघड काही बोलला नव्हता. पण "अजून एकदा पट्टी लावून बघ" हे त्याने ज्या सुरात म्हटलं, तो सूर ताईंच्या डोक्यातून जात नव्हता. "मी मधे दीड महिना माहेरी होते ना मॅडम," एवढं बोलून त्या गप्प झाल्या.

खरी भीती कॅन्सरची नव्हतीच, निदान एकट्या कॅन्सरची नव्हती. म्हणून आधी तेच बोलले. म्हटलं, ताई, दूध येणं हा कुणाच्या वागण्याचा पुरावा नाही. लग्न न झालेल्या मुलींना असं दूध येतं, पाळी कायमची गेलेल्या बायकांना येतं, क्वचित पुरुषांनाही येतं. ऐकून त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं की मी थापच मारतेय.

छातीत दूध तयार होतं, पण ते तयार करायचा हुकूम डोक्यातून येतो. मेंदूच्या तळाशी वाटाण्याएवढी पिट्युटरी नावाची ग्रंथी असते. ती प्रोलॅक्टिन हे संप्रेरक रक्तात सोडते. मेंदूतलं डोपामिन या ग्रंथीला एरवी सतत आवरून धरतं. तो आवर सुटला की प्रोलॅक्टिन वाढतं आणि दूध येऊ लागतं. त्याच वेळी बीजकोशांकडे जाणारे इशारे मंदावतात, बीज सुटत नाही, पाळी थांबते. म्हणजे ताईंच्या दोन तक्रारी मुळात एकच होत्या. बाळ अंगावर पीत असताना पाळी लांबते ती याच कारणाने, तेव्हा मात्र कुणाला त्याचं काही वाटत नाही. मूल तोडल्यावर काही महिने, कधी वर्षभरही, दाबल्यावर थेंबभर दूध दिसलं तर घाबरायचं कारण नसतं. वर्ष उलटून गेलं आणि वर पाळीही बंद असेल, तर तपासायलाच हवं.

"तुम्ही रोज दाबून बघता का?" मी विचारलं.

"रोज. अंघोळीच्या वेळी, दोन्हीकडून. थांबलं का ते बघायला."

इथेच बऱ्याच जणी अडकतात. स्तनाग्र दाबलं, चोळलं की मेंदूला वाटतं बाळ पितंय, आणि तो आणखी प्रोलॅक्टिन सोडायला लावतो. हे सांगितल्यावर त्या पहिल्यांदा हसल्या. "म्हणजे मीच चालू ठेवलंय होय?" म्हटलं, सगळं नाही, पण थोडा हातभार तुमचाही आहे. आजपासून बघणं बंद, कपड्याला आपोआप डाग पडला तर तेवढा लक्षात ठेवा.

मग गोळ्यांचा विषय काढला. "कुठलं औषध चालू आहे?" "एकपण नाही." या उत्तरावर मी कधीच थांबत नाही. एकेक नाव घेऊन विचारते: बीपीची? झोपेची? मनाच्या आजाराची? उलटीची? पित्ताची?

"पित्ताची कॅप्सूल घेते की. ती काय औषध म्हणायची?"

पट्टी पर्समध्येच होती, अर्धी संपलेली. कंपनीने ठेवलेलं नाव ठळक, आत काय आहे ते बारीक अक्षरात. खिडकीपाशी नेऊन वाचली. पहिल्या ओळीत रॅबेप्राझोल, ते पित्ताचं. खालच्या ओळीत लेव्होसल्पिराइड, ७५ मिलिग्रॅम. पोट फुगतं म्हणून कधीतरी एका डॉक्टरांनी थोड्या दिवसांसाठी दिलेली ही कॅप्सूल ताई गेले सात-आठ महिने रोज सकाळी उपाशीपोटी घेत होत्या. मेडिकलवाला चिठ्ठी न मागता देत होता. चिठ्ठीशिवाय विकू नये असं पट्टीवर छापलेलं असतं, ते त्यालाही वाचता येत असणारच.

लेव्होसल्पिराइड डोपामिनचं काम अडवतं. त्यामुळे जठर लवकर रिकामं होतं, पण पिट्युटरीवरचा आवरही सुटतो. मळमळ-उलटीवर देतात त्या डोम्पेरिडोन आणि मेटोक्लोप्रामाइडने हेच होऊ शकतं. मानसिक आजारावरच्या रिस्पेरिडोन, अमिसल्प्राइड यांनीही होतं. यातलं मनाच्या आजाराचं औषध कुणीही स्वतःच्या मनाने बंद करू नये. आजार उलटला तर दुधापेक्षा फार मोठं संकट ओढवतं. मानसोपचारतज्ज्ञांना सांगितलं की ते डोस कमी करतात किंवा औषध बदलून देतात.

औषध बंद करायचा अधिकार माझा नाही. पट्टीवरची नावं केसपेपरवर लिहिली आणि ताईंना आमच्या डॉक्टरांकडे पाठवलं. त्यांनी गरोदरपणाची तपासणी पुन्हा केली, टीएसएच (थायरॉइडची रक्ततपासणी) आणि प्रोलॅक्टिन काढायला सांगितलं. थायरॉइड कमी पडलं तरी प्रोलॅक्टिन वाढतं आणि नुसत्या थायरॉइडच्या गोळीने दूध आटतं, म्हणून टीएसएच कधी सोडायची नाही. प्रोलॅक्टिनचं रक्त उठल्या उठल्या धावतपळत येऊन देऊ नये. झोपेत ते वाढलेलंच असतं, ताणाने आणखी चढतं. उठून दोनेक तास झालेले असावेत, थोडं शांत बसून मग द्यावं.

टीएसएच ठीक आली. प्रोलॅक्टिन ११८. गरोदर नसलेल्या बाईत ते साधारण २५ च्या आत असतं. रिपोर्ट हातात पडला त्या रात्रीच नवऱ्याने मोबाइलवर शोधलं, आणि सकाळी दोघं आले ते 'डोक्यात गाठ' हे शब्द घेऊनच.

पिट्युटरीची गाठ हे एक कारण असतं, हे मी लपवलं नाही. पण ती गाठ बहुतेक वेळा साधी असते, कॅन्सरची नसते. बायकांमध्ये बहुधा एक सेंटिमीटरच्या आतलीच सापडते. आठवड्यातून एकदा-दोनदा घ्यायच्या कॅबरगोलिनच्या गोळीने ती आकसते, ऑपरेशनची वेळ थोड्यांवरच येते. गाठ मोठी होऊन नजरेवर परिणाम होत असेल, तर मात्र थांबता येत नाही. आमच्याकडे एक बाई सारखी डोकेदुखी आणि चालताना दाराच्या चौकटीला खांदा आपटतो अशी तक्रार घेऊन आल्या होत्या. बाजूचं दिसणं कमी झालं होतं. त्यांचा एमआरआय त्याच आठवड्यात केला. या ताईंना तसं काहीच नव्हतं, आणि कारण पर्समध्ये सापडलेलं होतं. म्हणून डॉक्टरांनी आधी कॅप्सूल थांबवून साधी पित्ताची गोळी दिली आणि काही आठवड्यांनी रक्त पुन्हा तपासायचं ठरवलं.

स्राव एकाच बाजूने, न दाबता येत असेल, रक्ताळ असेल किंवा हाताला गाठ लागत असेल, तर प्रोलॅक्टिनच्या मागे न लागता आधी स्तनाची तपासणी करून घ्यायची. ताईंचं दोन्हीकडून येत होतं, दुधासारखं पांढरं.

ताईंना विचारून मी नवऱ्याशी वेगळं बोलले. माहेरचा विषय मी काढला नाही, त्यानेही नाही. पट्टी दाखवून, कोणती ओळ काय करते ते सांगितलं. त्याने ती उलटसुलट करून पाहिली आणि म्हणाला, "ही तर मीच आणून द्यायचो." पुढच्या वेळी तो बाहेर न थांबता आत येऊन बसला.

दुसरं प्रोलॅक्टिन १९ आलं. दूध दिसेनासं झालं होतं, पाळी अजून आली नव्हती. "मग सध्या तरी दिवस राहायची काळजी नाही," ताई म्हणाल्या. मी म्हटलं, उलट आत्ताच काळजी घ्या, कारण पाळीच्या आधी बीज सुटतं. पाळीची वाट बघत बसलेल्या बाईला थेट दिवसच राहिले, असंही होतं. दुसरं मूल त्यांना इतक्यात नको होतं. तांबी बसवायचं ठरलं, तोवर निरोध.

उठता उठता त्यांनी विचारलं, "सासूबाईपण माझ्याच पट्टीतली कॅप्सूल घेतात. त्यांची तर पाळी कधीच गेली. त्यांना चालेल ना?" वयस्कर माणसांत याच औषधाने कधी कधी हात थरथरू लागतात, चाल मंदावते, आणि घरचे ते म्हातारपण समजून सोडून देतात. पुढच्या सोमवारी सासूबाईंना घेऊन या म्हटलं, आणि येताना त्यांच्या सगळ्या गोळ्यांची पिशवी आणा, काही निवडून घरी ठेवू नका.