मेंदूच्या अभ्यासाकडे निघालेल्या विद्यार्थिनीस

प्रिय मुली,

तुझा मेल वाचला. बी.एस्सी.नंतर मेंदूविज्ञान, आणि त्यातही विकासात्मक दिव्यांगत्वावर काम करायचं ठरवलंयस, याचा मनापासून आनंद झाला. संस्थांची नावं देतेच. पण आधी फ्रॅजाइल एक्सबद्दल सांगू दे. ही बौद्धिक दिव्यांगत्वाची आनुवंशिक अवस्था, तिच्यात पुष्कळदा ऑटिझमही दिसतो. आपल्या क्षेत्राचं बळ आणि उणीव, दोन्ही त्यात दिसतात.

एक्स गुणसूत्रावरचं एफएमआर१ हे जनुक १९९१ साली सापडलं. त्यात सीजीजी हा डीएनएचा तीन अक्षरी तुकडा बहुतेकांमध्ये ३० च्या आसपास वेळा येतो. तो २०० च्या वर गेला की जनुक बंद पडतं आणि चेतापेशींच्या जोडण्यांपाशी प्रथिननिर्मितीला आवर घालणारं प्रथिन तयारच होत नाही. मग डेंड्राइटवरचे, म्हणजे चेतापेशीच्या संदेश घेणाऱ्या फांद्यांवरचे, काटे लांब, बारीक, अपक्व राहतात. एमग्लुआर५ हा चेतापेशींवरचा रिसेप्टर, म्हणजे संदेश टिपणारं प्रथिन, शांत केला की उंदरांमधली बरीच लक्षणं सुधारतात, हेही दिसलं. केवढी आशा होती तेव्हा! पण माणसांवर मॅव्होग्लुरंट या एमग्लुआर५ शांत करणाऱ्या औषधाचा अपेक्षित परिणाम दिसला नाही आणि २०१४ मध्ये त्या चाचण्यांचं काम थांबलं.

मूळ कल्पनाच चुकली असं मला वाटत नाही. औषध दिलं ते किशोरांना आणि प्रौढांना, म्हणजे मेंदूची बरीचशी घडण होऊन गेल्यावर. आणि गुण आला की नाही हे मुख्यतः घरच्यांनी भरलेल्या वर्तणुकीच्या प्रश्नावलीवरून ठरवलं. मुलाच्या सुधारणेकडे डोळे लावून बसलेल्या आईला प्लासिबोनेही, म्हणजे औषध नसलेल्या गोळीनेही, फरक वाटू शकतो. त्यात तिचा काय दोष? नेमकं काय मोजायचं, हे आपल्यालाच अजून नीट जमलेलं नाही.

म्हणून शनिवारी एखाद्या विशेष शाळेत जात जा. सर्टिफिकेटसाठी नको. मधल्या सुट्टीची घंटा झाली की एक मुलगा कान दाबून भिंतीला चिकटतो, शेजारचा त्याच घंटेवर खुदकन हसतो, आणि दोघांच्या फाइलवर निदान एकच असतं. बाईंना मात्र दोघंही पक्के ठाऊक असतात. घंटेच्या जरा आधीच त्या पहिल्याच्या जवळ जाऊन उभ्या राहतात. त्यांना प्रश्न विचार, वहीत लिहून ठेव.

आता संस्था. बी.एस्सी.वरून इंटिग्रेटेड पीएच.डी.साठी मुंबईचं टीआयएफआर आणि बेंगळुरूचं एनसीबीएस यांचा रस्ता जेजीईईबिल्स या प्रवेशपरीक्षेतून जातो, बेंगळुरूच्याच आयआयएस्सीचा जॅम या प्रवेशपरीक्षेतून. एम.एस्सी. केलीस तर मानेसरचं मेंदू संशोधन केंद्र एनबीआरसी आणि बेंगळुरूचं निम्हान्सही पाहा. निम्हान्समध्ये प्रयोगशाळा आणि रुग्णालय एकाच संस्थेत आहेत, हे मला फार मोलाचं वाटतं. संस्थेच्या नावापेक्षा गाइड बघ. ‘तुमचे विद्यार्थी या मुलांच्या घरच्यांना कधी भेटतात का?’ असं सरळ विचार.

संख्याशास्त्र टाळू नकोस, या सुट्टीतच सुरू कर. आणि अर्जात ‘मला या मुलांना बरं करायचंय’ असं लिहू नकोस. कितीतरी ऑटिस्टिक माणसं सांगतात की आम्हाला बरं व्हायचं नाही, आम्हाला समजून घ्या. तुला कोणता प्रश्न सोडवायचाय, तेवढं लिही. मसुदा झाला की पाठव, मी वाचीन.

तुझी,
मॅडम