घरबांधणीतील लाकूड : जुने धाबे उतरवण्यापूर्वी

प्रश्न : आमचे वडिलोपार्जित घर सागवानी खांब-तुळयांचे आणि धाब्याचे, म्हणजे तुळयांवर मातीचे सपाट छप्पर असलेले, आहे. ते पाडून स्लॅबचे घर बांधावे, असे घरातील वडीलधाऱ्यांचे मत आहे. मुलगी मात्र लाकूड हेच पर्यावरणाला मानवणारे साहित्य आहे, असे सांगते. झाडे तोडून मिळणारे लाकूड पर्यावरणपूरक कसे? शिवाय वाळवीची आणि आगीची धास्ती आहेच. (एक वाचक, चोपडा)

उत्तर : आपल्या मुलीचे म्हणणे बरोबर आहे, मात्र तोडलेल्या झाडाच्या जागी दुसरे झाड वाढले पाहिजे आणि घरात बसवलेले लाकूड दीर्घकाळ टिकले पाहिजे, या दोन अटी त्याला जोडाव्या लागतील. वाळलेल्या लाकडाच्या वजनात जवळपास निम्मा वाटा कार्बनचा असतो. एक घनमीटर, म्हणजे सुमारे ३५ घनफूट, सागवानाचे वजन साधारण ६५० किलो भरते आणि झाडाने वाढताना हवेतून घेतलेला सुमारे १.२ टन कार्बन डायऑक्साइड त्यात साठलेला असतो. सिमेंट तयार करताना भट्टीतील इंधनाचा धूर तर होतोच, पण भाजल्या जाणाऱ्या चुनखडीतूनही हाच वायू सुटतो.

आपल्यासमोर असलेल्या लाकडासाठी तर नवे झाड तोडण्याचा प्रश्नच नाही. ते चुलीत किंवा वीटभट्टीत गेले, तर इतक्या वर्षांची साठवण काही तासांत हवेत परत जाईल. म्हणून घर उतरवायचेच असेल, तर ते यंत्राने न पाडता सुताराकडून सांधे सोडवून उतरवून घ्यावे, हा आमचा आग्रहाचा सल्ला आहे.

उतरवलेली प्रत्येक तुळई भिंतीत गेलेल्या टोकांपाशी तपासावी, कारण भिंतीतील ओल तेथेच मुरते आणि कूज तेथूनच सुरू होते. पटाशीचे टोक सहज आत गेले किंवा हातोडीने ठोकल्यावर पोकळ आवाज आला, तर तेवढा भाग कापून उरलेली तुळई आखूड गाळ्यासाठी, म्हणजे खांबांमधले अंतर कमी असेल तेथे, वापरता येते. धाब्यावरील एक फूट जाडीच्या मातीचे वजन दर चौरस फुटाला ४५ किलोंच्या आसपास असते आणि पावसात ते आणखी वाढते. एवढा भार पेललेल्या निरोगी तुळयांना हलके छप्पर जड जाऊ नये, तरीही अंतरे आणि मापे स्थापत्य अभियंत्याकडून ठरवून घ्यावीत.

येथे एक गैरसमज दूर करायला हवा. वैशाखात धाब्याचे घर थंड राहते, याचे श्रेय आपण लाकडाला देतो. खरे तर ते बहुतांशी वरच्या मातीचे आणि जाड भिंतींचे असते. जळगाव-भुसावळकडे पारा ४५ अंशांपर्यंत जात असताना लाकडी सांगाड्यावर नुसता पत्रा टाकला, तर दुपारी त्या घरात बसवणार नाही. तेव्हा सांगाडा लाकडाचा ठेवला, तरी भिंती मातीच्या किंवा विटांच्या जाडच असाव्यात आणि पत्र्याखाली उष्णतारोधक थर द्यावा.

वाळवी सागाच्या गाभ्याला सहसा लागत नाही, सालीलगतच्या फिकट लाकडाला मात्र लागते. खांब जमिनीत न पुरता दगडी तळखड्यावर उभे करावेत. लाकडातील ओलावा २० टक्क्यांच्या खाली राहिला, तर कुजवणारी बुरशी वाढत नाही. आगीत जाड तुळईचा पृष्ठभाग मिनिटाला साधारण पाऊण मिलिमीटरपेक्षा कमी वेगाने कोळसत जातो आणि तो कोळसाच आतील लाकडाला काही काळ राखतो, तर उघडे लोखंड ६०० अंशांच्या आसपास निम्मी ताकद गमावून बसते. बारीक फळ्या आणि जुन्या वायरिंगचा धोका यापेक्षा कितीतरी मोठा आहे.

प्रश्न : शेताच्या बांधावरील साग स्वतःच्या घरासाठी तोडता येईल का? (एक शेतकरी, शहादा)

उत्तर : येईल, पण परवानगी घेऊन. १९६४ च्या महाराष्ट्र वृक्षतोड (विनियमन) अधिनियमाखाली साग हे अनुसूचित झाड असल्याने ते स्वतःच्या शेतातले असले, तरी आधी वृक्ष अधिकाऱ्याकडे अर्ज करावा लागतो. सातबारा सोबत ठेवून वन परिक्षेत्र कार्यालयात चौकशी करावी आणि लाकूड गिरणीवर नेण्यासाठी वाहतूक परवान्याबाबतही तेथेच विचारून घ्यावे. सागच हवा असाही हट्ट नको. दारे-चौकटींसाठी मुरलेला कडुनिंब आणि बाभूळ आपल्याकडे पूर्वीपासून चालत आले आहेत.

तोड हिवाळ्यात करावी आणि कापलेल्या फळ्या पट्ट्यांचे अंतर देऊन सावलीतच रचाव्यात. आपल्याकडच्या चैत्र-वैशाखाच्या उन्हात ओले लाकूड बाहेरून झपाट्याने सुकते आणि टोकांपासून चिरत जाते, म्हणून टोकांना रंग किंवा डांबर लावून ठेवावे. इंचभर जाडीला वर्षभर, हा ढोबळ हिशेब धरला, तर पुढच्या वर्षी घर बांधायचे असल्यास झाड याच हिवाळ्यात तोडावे लागेल.