टायर घ्याच, पण तेहतीसशे डॉलरचे नकोत

तुमचं पत्र आणि चार टायरांचे चार फोटो मिळाले. इतर वाचकांसाठी प्रश्न आधी थोडक्यात सांगतो. तुम्ही ३४ वर्षांचे, कॅलिफोर्नियात फ्रीमाँटला राहता. घरात कमावते तुम्ही एकटेच, पगार वर्षाला १,५६,००० डॉलर. व्हिसा एच-१बी, पत्नी एच-४ वर, मुलगी दीड वर्षाची. दोन वर्षांपूर्वी टोयोटा जीआर८६ घेतलीत. त्या गाडीसोबत नॅशनल ऑटो स्पोर्ट असोसिएशनचं एक वर्षाचं सदस्यत्व आणि प्रशिक्षकासोबत ट्रॅकवर गाडी चालवायचा एक दिवस फुकट मिळतो. तो दिवस तुम्ही विलोजजवळच्या थंडरहिल ट्रॅकला घालवलात, मग आणखी तीन वेळा गेलात. आता वर्षाला चार दिवस जायचंय. त्यासाठी फोर्ज्ड (घडीव, हलक्या) चाकांचा दुसरा संच आणि त्यावर ब्रिजस्टोन पोटेंझा आरई-७१आरएस हे जास्त पकडीचे मऊ टायर, असा ३,३०० डॉलरचा बेत आहे. दुसरा पर्याय म्हणजे गाडीच्या मूळ चाकांवरच काँटिनेंटल एक्स्ट्रीमकाँटॅक्ट स्पोर्ट ०२, बसवण्यासकट ९७० डॉलर. तिसरा मिशेलिन पायलट स्पोर्ट ४एस, ११८० डॉलर. दुकानदार सहा महिन्यांचे बिनव्याजी हप्ते देतोय. तुम्ही विचारता, "हौसेला किती पैसे घालणं शहाणपणाचं?"

हौसेचं नंतर बघू. आधी फोटोंकडे येतो, कारण तुमच्या हिशेबातली मोठी चूक तिथेच दिसते.

पुढच्या डाव्या टायरच्या खाचेत तुम्ही पंचवीस सेंटचं नाणं उभं धरलंय. वॉशिंग्टनच्या डोक्याचा वरचा काठ रबराला जेमतेम टेकलाय. म्हणजे नक्षीची खोली ४/३२ इंचावर आली. कायद्याने ह्याच्याही खाली चालतं, पण साचलेल्या पाण्यावर ४/३२ च्या खाली टायरला पाणी बाजूला सारणं जड जातं. आज सप्टेंबर आहे, आणि तुम्ही रोज ८८० हायवेने ऑफिसला जाता. पहिल्या पावसाआधी रस्त्यावरचे टायर तुम्हाला बदलावेच लागणार, ट्रॅकला गेलात तरी आणि नाही गेलात तरी. तुम्ही तुलना ३,३०० आणि ९७० ची केलीत. खरी तुलना ४,२७० आणि ९७० ची आहे, कारण पहिल्या पर्यायातही रोजच्या चाकांना नवे टायर लागणारच.

"मग आरई-७१आरएस रोजही वापरतो, एका दगडात दोन पक्षी," असं तुम्ही पत्राच्या शेवटी लिहिलंय. ते करू नका. तो टायर गरम रबर आणि कोरडा डांबर ह्यांच्यासाठी बनलाय. वर्षाला १०,००० मैल हायवेवर घासायला तो फार महागडा पडतो, आणि अर्धा झिजला की पावसात तुमच्या आजच्या टायरांपेक्षा भरवशाचा राहणार नाही. त्या गाडीच्या मागच्या सीटवर मुलीची कारसीट आहे, हे तुम्हीच लिहिलंय.

आता टायरांच्या तुलनेकडे. तुम्ही ट्रेडवेअरच्या, म्हणजे टायर किती टिकेल ह्याचा अंदाज देणाऱ्या, आकड्यांचा तक्ता केलाय: ब्रिजस्टोन २००, मिशेलिन ३००, काँटिनेंटल ३४०. त्यावरून निष्कर्ष काढलात, की ब्रिजस्टोन काँटिनेंटलच्या साठ टक्के टिकेल. हा आकडा येतो कुठून ते समजून घ्या. टेक्सासमधल्या ठरवून दिलेल्या रस्त्यांवर टायर ७,२०० मैल चालवतात, त्याची झीज १०० आकड्याच्या प्रमाण टायरशी ताडून बघतात, आणि मग कंपनी स्वतःच आपल्या टायरला आकडा देते. एकाच कंपनीचे दोन टायर ताडायला तो बरा. दोन कंपन्यांमध्ये त्याच्यावर फार विसंबू नये. शिवाय २०० ह्या आकड्याची एक वेगळीच गंमत आहे. अमेरिकेतल्या हौशी स्पर्धांच्या बऱ्याच वर्गांत नियमच असा आहे, की टायर किमान २०० चा हवा. म्हणून ज्यांना त्या वर्गात टायर विकायचाय ते सगळे नेमका २०० छापतात. हँकुकचा व्हेंटस आरएस४ सुद्धा २०० चाच, आणि तासन्‌तास चालणाऱ्या सहनशक्तीच्या शर्यतींत लोक तो आवडीने लावतात, कारण तो टिकतो. ब्रिजस्टोनची कीर्ती पहिल्या फेरीपासून मिळणाऱ्या पकडीची आहे, टिकण्याची नाही. आकडा एकच, पण खिशाला पडणारा भार अगदी वेगळा.

काँटिनेंटल आणि मिशेलिन दोन्ही ३०,००० मैलांची हमी देतात. ती रस्त्यावरच्या वापरापुरती आहे. ट्रॅकवर झिजलेला टायर घेऊन कोणी दुकानात गेलं तर भरपाई मिळेल, ही आशा हिशेबात धरू नका.

ह्या दोघांत मी काँटिनेंटल घेईन. मिशेलिन उत्तमच आहे, आणि तुमच्या गाडीला कंपनीकडून आलेला पायलट स्पोर्ट ४ त्याच घराण्यातला असल्याने तुमचा जीव तिकडे ओढतोय हेही कळतं. पण वर्षाला चार दिवसांच्या शिक्षणात वरच्या २१० डॉलरचा फरक तुम्हाला जाणवणार नाही. ते २१० डॉलर कुठे घालायचे ते खाली सांगतो.

तुमच्याच फोटोंतली दुसरी गोष्ट. पुढच्या दोन्ही टायरांची बाहेरची कड गोल झालीय, रबराचे बारीक दाणे वर आलेत, आणि आतल्या बाजूची नक्षी मात्र अजून धारदार आहे. मागचे टायर सारखे झिजलेत. जीआर८६ ची पुढची चाकं कारखान्यातून जवळजवळ उभी येतात. वळणावर गाडी बाहेर कलली की सगळा भार बाहेरच्या कडेवर येतो, आणि मधलं-आतलं रबर नुसतं बरोबर फिरत राहतं. म्हणजे तुम्ही टायरचे पूर्ण पैसे देता आणि त्याचा एक तृतीयांश भाग वापरता. अशा गाडीवर मऊ, महाग टायर चढवला तर तीच कड आणखी लवकर खलास होईल. कँबर बोल्ट बसवून चाकं वरून थोडी आत झुकवा आणि अलाइनमेंट करून घ्या. तुम्हाला गॅरेजने त्याचे २५० डॉलर सांगितलेत. तुमच्या पूर्ण यादीत टायरचं आयुष्य वाढवणारा खर्च हा एकच आहे, आणि तो तुम्ही "नंतर बघू" मध्ये टाकलात. तो सगळ्यात आधी करा.

हवेचंही तसंच. थंड टायरमध्ये ३५ भरून तुम्ही ट्रॅकवर उतरता, आणि विलोजच्या उन्हात वीस मिनिटांनी दाब कितीतरी वर गेलेला असतो. फुगलेला टायर मधोमध झिजतो आणि सरकतो. फेरी संपताच मोजून हवा कमी करा, आणि घरी निघण्याआधी आठवणीने पुन्हा भरा. फ्रीमाँटपर्यंत दीडशे मैलांच्या आसपास हायवे आहे, कमी हवेवर तो गाठू नये. हवा मोजायच्या एका चांगल्या गेजशिवाय ह्याला काही लागत नाही.

आता मला ज्याची सर्वात जास्त काळजी वाटते ते. तुमच्या आठ पानी तक्त्यात टायर आहेत, चाकं आहेत, वजनातली बचत ग्रॅममध्ये आहे. विम्याची ओळ मात्र कुठेच नाही. पत्रात एका वाक्यात उल्लेख आहे, की ट्रॅकच्या एका दिवसाच्या विम्याची चौकशी केली, २१० डॉलर सांगितले, "जास्त वाटले म्हणून सोडून दिलं".

तुमची नेहमीची गाडीची पॉलिसी काढा आणि वगळलेल्या गोष्टींची पानं वाचा. शर्यतीसाठी बांधलेल्या जागेतला वापर बऱ्याच पॉलिसींमध्ये वगळलेला असतो. काहींमध्ये शब्द "स्पर्धा किंवा तिचा सराव" असे असतात, काहींमध्ये शिकण्याचे दिवसही बाहेर. काही वर्षांपूर्वी एक गृहस्थ माझ्यासमोर बसले होते. ट्रॅकवर गाडी भिंतीला घासली, कुणालाही खरचटलंही नाही, पण गाडी दुरुस्तीच्या पलीकडे गेली. विमा कंपनीने दावा नाकारला. गाडीचं कर्ज अजून तीन वर्षं बाकी होतं. नसलेल्या गाडीचा हप्ता ते दर महिन्याला भरत होते, आणि ऑफिसला जायला दुसरी गाडी घेणं भाग होतं. त्यांच्या पत्नीने त्या तासाभरात एकदाच तोंड उघडलं, आणि "अजून किती राहिलेत?" एवढंच विचारलं. ते मी विसरलेलो नाही.

तुमच्या गाडीवर अजून १९,००० डॉलरचं कर्ज आहे. मिशेलिन न घेऊन वाचलेल्या २१० डॉलरमध्ये एका दिवसाचा विमा निघतो, चार दिवसांचा ८४० डॉलर होतो. तुम्हाला सांगितलेल्या अटींत २८,००० ची ठरलेली किंमत आणि दहा टक्के स्वतःचा वाटा आहे, म्हणजे वाईटात वाईट झालं तर २,८०० तुमचे. तो विमा फक्त गाडीपुरता असतो, दुसऱ्याच्या नुकसानीची जबाबदारी त्यात येत नाही, हेही विचारून घ्या. ज्या दिवशी ८४० डॉलर जड वाटतील, त्या वर्षी चाराऐवजी दोनच दिवस जा. पण विम्याशिवाय जाऊ नका.

ह्यालाच लागून आणखी एक. मुलगी झाल्यापासून टर्म विमा घ्यायचाय असं तुम्ही लिहिलंय. अर्जात छंदांचा प्रश्न असतो, आणि त्यात मोटार रेसिंगचं नाव बहुधा असतंच. "मी शर्यत लावत नाही, नुसता शिकतो" असं मनाशी म्हणून "नाही" वर खूण करू नका. आहे ते आहे तसं लिहा, वर्षातले दिवसही लिहा. हप्ता थोडा वाढला तर वाढू दे. पहिल्या दोन वर्षांत दावा आला तर कंपनी अर्जातलं प्रत्येक उत्तर उलटून बघू शकते.

आता पैसे कुठून. तुमच्याकडे बचत खात्यात २२,००० आहेत आणि घरखर्च महिना ७,५००, सांगलीला आईवडिलांना पाठवता ते धरून. म्हणजे तीन महिन्यांनाही थोडे कमीच. एच-१बी वर नोकरी गेली तर दुसरा मालक शोधायला जास्तीत जास्त ६० दिवस मिळतात. त्यात भाडं, विमानाची तिकिटं, सामान हलवणं, सगळं आलं. तुमच्यासारख्या घराला मी सहा महिन्यांची, म्हणजे ४५,००० ची गंगाजळी सांगतो, आणि तिच्यातून टायर घेऊ देणार नाही.

दुकानाचे हप्ते? अटी नीट वाचा. "बिनव्याजी" असं लिहिलेलं बरंचसं कर्ज प्रत्यक्षात व्याज पुढे ढकललेलं असतं. सहाव्या महिन्याअखेर एक डॉलर जरी बाकी राहिला, तरी पहिल्या दिवसापासूनचं व्याज एकदम अंगावर येतं.

आणि तुमची पगाराची स्लिप. तुम्ही ४०१(के) मध्ये, म्हणजे निवृत्तीच्या बचत खात्यात, ३ टक्के भरता. तुमची कंपनी ६ टक्क्यांपर्यंत निम्मी भर घालते. उरलेले ३ टक्के भरत नाही म्हणून वर्षाला २,३४० डॉलर तुम्ही टेबलावर तसेच सोडून उठता. ते दोन संच काँटिनेंटलपेक्षा जास्त होतात. ही रक्कम वाढवली तर कर वाचून हातात महिन्याला सुमारे २७५ कमी येतील.

हातात ९,३०० येतात, खर्च ७,५००, उरतात १,८००. त्यातले २७५ ४०१(के) ला, १,१०० गंगाजळीला. ह्या गतीने पावणेदोन वर्षांत ४५,००० होतात. राहिलेल्यातून ३७० डॉलर "थंडरहिल" नावाच्या वेगळ्या खात्यात पगाराच्या दिवशीच जाऊ देत. त्यात वर्षाचा सगळा खेळ बसतो: टायर ९७०, अलाइनमेंट २५०, ब्रेकचं चांगलं ऑइल आणि पॅड ३५०, विमा ८४०, आणि चार दिवसांची फी, पेट्रोल, मुक्काम मिळून २,०००. बेरीज ४,४१०. टायर आधी लागणार, म्हणून पहिले तीन महिने पैसे त्यांचे हप्ते फेडायलाच जातील. पुढचा ट्रॅकचा दिवस वसंतात ठेवा, तोवर बाकीचे जमतील. ब्रेकच्या ऑइलमध्ये काटकसर करू नका. ते हवेतलं पाणी शोषतं, आणि उकळलं की पॅडल थेट तळाला जातं.

ह्या हौसेवर माझा आक्षेप नाही. तुमच्या पत्रात प्रशिक्षक शेजारी बसलेला असताना पाचवं वळण पहिल्यांदा नीट जमलं त्याचं जे वर्णन आहे, ते वाचून मला आनंद झाला. मऊ टायर घाईने चढवू नयेत ह्याचंही तेच कारण आहे. साधा उन्हाळी टायर मर्यादेजवळ आला की आवाज करतो, हळूहळू सुटतो, चूक दाखवतो. जास्त पकडीचा टायर चूक पोटात घालतो, आणि सुटतो तेव्हा गाडी वेगात असते.

गंगाजळी भरली, वर्षाला आठेक दिवस व्हायला लागले, आणि प्रशिक्षकाने स्वतःहून "आता टायर तुला अडवतोय" असं म्हटलं, की मला पुन्हा लिहा. तेव्हा दुसरा चाकसंच मीच सुचवेन. साधी, वापरलेली चाकं आणि त्यावर हँकुक आरएस४.

तोवर ह्या महिन्यात टायर बसवून घ्या. बसवण्याआधी बाजूवरचा डॉट क्रमांक बघा. शेवटचे चार आकडे म्हणजे आठवडा आणि वर्ष. दोन वर्षं गोदामात पडून राहिलेला माल असेल तर बदलून मागा. अलाइनमेंटचा कागद आला की त्याचा फोटो पाठवा. पुढच्या दोन चाकांचे आकडे मला बघायचेत.